ब्रेक नसलेली सीट

भाऊजींच्या घरी सोफ्यासमोर जो गालिचा आहे, त्याला एकाच जागी भोक पडलं आहे. उंदराने कुरतडलेलं नाही, इस्त्रीने जळलेलं नाही. ते भाऊजींच्या उजव्या पायाने पडलं आहे. टीव्हीवर एखाद्या सिनेमात गाडी भरधाव निघाली की सोफ्यावर बसलेले भाऊजी पाय ताणून ब्रेक दाबतात. सिनेमातली गाडी अर्थातच थांबत नाही. पण आपलाच प्रयत्न कमी पडला असं त्यांना वाटत असावं, कारण पुढच्या वळणावर ते आणखी जोरात दाबतात.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. गावाला त्यांची ओळख दाबामास्तर अशी. उभं आयुष्य त्यांनी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. स्कूल म्हणजे एक टेबल, एक फळा आणि एक पांढरी गाडी. त्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटखालीही ब्रेक आणि क्लच बसवलेले होते. शिकणारा गोंधळला की मास्तर आधी "दाबा" म्हणायचे आणि लगेच स्वतःच दाबायचे. या दोन्हींत अंतर इतकं कमी असे, की गाडी आपण थांबवली की मास्तरांनी, हे शिकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नसे. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली. उरलेल्या अर्ध्या गावात मी मोडतो.

तसं त्यांनी मलाही शिकवून पाहिलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेवटी एका रविवारी मी भाजीच्या हातगाडीला इतक्या प्रेमाने टेकलो, की भाऊजींनी गाडी बंद केली, चावी खिशात टाकली आणि मला म्हणाले की मेहुणे, तुम्ही उत्तम प्रवासी आहात, आणि प्रवासीही लागतातच की. तेव्हापासून मी मागच्या सीटवर आहे आणि मला त्याचा यत्किंचितही पश्चात्ताप नाही. मागे बसणाऱ्याला खाता येतं.

ताईला मात्र त्यांनी शिकवलं नाही. लग्न नवं होतं तेव्हा एकदा सुरुवात झाली होती म्हणे. दुसऱ्याच दिवशी ताई भर चौकात गाडीतून उतरली, दार उघडंच टाकलं आणि चालत घरी आली. नेमकं काय झालं ते दोघं वेगवेगळं सांगतात. भाऊजी "दाबा" म्हणाले आणि ताईने "काय?" असं विचारलं, फक्त एवढ्यावर दोघांचं एकमत आहे. त्यानंतर काही दिवस घरात भांड्यांनीच काय तो आवाज केला. भाऊजींनी कानाला खडा लावला की बायको ही विद्यार्थी म्हणून घ्यायची गोष्ट नाही, आणि ताईनेही हा नाद सोडला. निदान आम्हाला तसं वाटलं.

आता त्या रस्त्याबद्दल सांगायला हवं. गावाबाहेरच्या तलावापलीकडे एक जुना रस्ता जातो. नवा मोठा रस्ता झाल्यापासून तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. दोन्ही बाजूंनी उंच झाडं आहेत आणि पानगळ भरात आली की ती अशी पिवळीजर्द होतात, की ढगाळ दिवशीसुद्धा तिथे ऊन पडल्यासारखं वाटतं. हे सगळं मोजके दिवस टिकतं. एकदा वारा सुटला की खेळ खलास. ताईने तो रस्ता लहानपणी आमच्या वडिलांच्या सायकलवर मागे बसून पाहिला होता. मी पुढे दांड्यावर होतो, त्यामुळे मला तो दांडाच तेवढा आठवतो. ताईला मात्र तो रस्ता आठवतो आणि लग्न झाल्यापासून तिला तो पुन्हा पाहायचा होता.

पण पानगळ म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचा ऐन हंगाम. पाऊस सरलेला, रस्ते कोरडे, ऊन मऊ. अशा दिवसांत ज्याला त्याला वाटतं, चला, गाडी शिकू या. पहाटेपासून ते दिवेलागणीपर्यंत भाऊजी त्या पांढऱ्या गाडीत. "पुढच्या वर्षी नक्की" हे वाक्य ताईने इतक्या वेळा ऐकलं होतं की ते दर वर्षी वाऱ्याबरोबरच येतं असं तिला वाटायचं. रागवायची नाही. खिडकीतून समोरच्या झाडाची पानं पडताना बघायची आणि स्वेटर उन्हात टाकायची.

या उन्हाळ्यात भाऊजींनी स्कूल बंद केलं. लोकांना सांगितलं, कंटाळा आला. खरं कारण ताईने मला बाजूला घेऊन सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की समोरचं लख्ख दिसतंय, पण कडेचं दिसणं आक्रसत चाललंय. गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते औषधाने टिकेल, पण स्टिअरिंगला हात लावायचा नाही. भाऊजींनी यावर अवाक्षर काढलं नाही. रोज रात्री डोळ्यांत थेंब घालायचे आणि हल्ली धूळ फार झालीय म्हणायचे. पांढरी गाडी त्यांनी आपल्याच एका जुन्या विद्यार्थिनीला विकली. ती बाई आता स्वतः स्कूल चालवते. गाव तिला मास्तरीण म्हणतं. घरची छोटी लाल गाडी मात्र त्यांनी ठेवली. रोज सकाळी तिच्यावरची पानं झटकायची, तिच्यात बसायचं, इंजिन सुरू करायचं, आवाज ऐकायचा आणि बंद करून वर यायचं. बॅटरी उतरू नये म्हणून, असं ते सांगत. मला ते बघवायचं नाही.

निवृत्त कसं व्हावं हे कुणाला शिकायचं असेल तर ताईकडे जावं. तिने कधी नोकरी केली नाही, म्हणून लोक म्हणतात तिला निवृत्ती कसली. पण मी सांगतो, त्या घरात खरी निवृत्त तीच आहे. पानगळ सुरू झाली की तिच्या दोन खुर्च्या उन्हाबरोबर गॅलरीत फिरू लागतात. सकाळी या टोकाला, दुपारी त्या टोकाला. कठड्यावर रजया पडतात आणि सगळ्या गॅलरीला डांबराच्या गोळ्यांचा वास सुटतो. किटलीत चहा, पितळी डब्यात भाजलेल्या शेंगा, अंगावर कोपरात विरलेला स्वेटर. खालून कुणी वाळक्या पानांवरून चालत गेलं की ती बोलता बोलता थांबते आणि तो कुरकुर आवाज शेवटपर्यंत ऐकून घेते. मी एकदा म्हटलं, यात काय एवढं. ती म्हणाली, तुला कळायचं नाही, तू खात असतोस.

भाऊजी दुसऱ्या खुर्चीत बसायचे, पण ड्युटीवर असल्यासारखे. पाठ ताठ, नजर खालच्या चौकात. कोण सिग्नल तोडतंय, कोण इंडिकेटर न देता वळतंय, याचं समालोचन चालू. चहा गार व्हायचा. ताई त्यांच्या हातात शेंगा ठेवायची आणि ते न सोलता तशाच मुठीत धरून एखाद्या स्कूटरवाल्याच्या सात पिढ्यांची हजेरी घ्यायचे.

अशात एके दिवशी ताईने जाहीर केलं की या वर्षी तो रस्ता पाहायचाच. मी टॅक्सी सुचवली, पैसेही मीच देतो म्हणालो. तिने मला वेड्यात काढलं. टॅक्सीवाला त्याला हवं तिथे थांबणार, घड्याळ बघणार आणि हॉर्न वाजवणार. मला हवं तिथे मला थांबायचंय, म्हणाली, आणि ह्यांना शेजारी घेऊन. भाऊजींनी ऐकलं आणि पेपर वर धरला. पेपर वर धरला की संभाषण संपलं, असा त्या घरातला नियम आहे.

दुसऱ्या आठवड्यात ताईने विणकामाचा वर्ग लावला.

हे मलाही उशिरा कळलं, पण माझ्या बायकोला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कारण पुरावा ती पुरवत होती. माझी बायको खरोखर विणते. तिने एका स्वेटरची बाही विणायला घेतली, ती ताई पिशवीत घालून वर्गाला न्यायची आणि घरी आल्यावर भाऊजींच्या डोळ्यांसमोर धरायची. ते कौतुकाने बोटांनी चाचपून बघायचे. मध्येच माझ्या बायकोला पाठदुखी झाली आणि बाही वाढायची थांबली. भाऊजींनी काळजीने विचारलं की शिकवणारी बाई बरी नाही का. ताई म्हणाली, बरी आहे, पण ती आधी गाठी पक्क्या करून घेते. भाऊजींना ते पटलं. पाया पक्का हवा, म्हणाले.

बिंग फुटलं ते गॅलरीत. मी तिथेच होतो, पितळी डब्याशेजारी. खाली चौकात एक ट्रक वळत होता आणि एक स्कूटरवाला त्याच्या पुढ्यातून घुसला. भाऊजींचा उजवा पाय खाडकन फरशीवर आपटला. त्यात नवीन काही नव्हतं. पण त्याच क्षणी ताईचे दोन्ही पाय आपटले. किटली हलली. स्कूटरवाला सुखरूप निघून गेला. भाऊजी ताईच्या पायांकडे बघत होते. आधी उजव्या, मग डाव्या.

"विणकाम पायाने करतात होय हल्ली?" त्यांनी विचारलं.

मी शेंग सोलायला घेतली, कारण कुठेतरी बघायला हवं होतं.

"आणि क्लच बरोबरीने दाबायचा नसतो," भाऊजी म्हणाले. "आधी ब्रेक, मग क्लच. कोण शिकवतंय?"

ताईने मास्तरणीचं नाव सांगितलं आणि आत जाऊन लायसन्स आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. परीक्षा होऊनही गेली होती. त्यांनी ते लांब धरून, जवळ धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं. मग उठून आत गेले आणि पेपर वर धरला. तो दोन दिवस खाली आला नाही.

त्यांना नेमकं काय लागलं होतं ते मला नंतर हळूहळू उमगलं. ताई शिकली याचं दुःख नव्हतं. आपल्याच गाडीत शिकली, आपल्याच सीटवर दुसऱ्या कुणाला बसवून शिकली, हेही ते गिळू शकले असते. पण ताईला लायसन्स मिळालं याचा अर्थ घरातली लाल गाडी आता ताईची झाली. त्यांनी बसायचं ते शेजारी. आणि लाल गाडीत शेजारच्या सीटखाली काहीच नाही, नुसतं पायपुसणं आहे. मला ते एवढंच म्हणाले की मेहुणे, ज्या सीटखाली ब्रेक नाही त्या सीटवर मी जन्मात बसलेलो नाही. त्यात विनोदाचा लवलेश नव्हता. मला एकदम त्यांची दया आली आणि ती दाखवायची कशी ते न कळल्यामुळे मी त्यांना एक पेरू दिला.

मग वारा सुटला. पहिल्या दिवशी थोडा, संध्याकाळचा. दुसऱ्या दिवशी समोरच्या झाडाच्या शेंड्याकडची पानं उडाली. ताईने रात्री जेवताना शांतपणे सांगितलं.

"मी उद्या सकाळी निघतेय. परवापर्यंत तिथे काही राहायचं नाही. तुम्ही आलात तर मला फार बरं वाटेल. नाही आलात तरी मी जाणार आहे."

भाऊजी म्हणाले, घरातून निघताना उतार आहे, हँडब्रेक बघून घे. येतो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. ताई रात्रभर जागी होती, असं तिने मला नंतर सांगितलं. गाडीची भीती नव्हती. एकटीने तो रस्ता पाहून परत यायचं आणि मग या माणसासमोर बसून चहा प्यायचा, तो चहा कसा लागेल, याचा विचार करत होती.

सकाळी मी मागच्या सीटवर थर्मास आणि शेंगांचा डबा घेऊन बसलो. ताईने आरसा लावून घेतला, पट्टा लावला, हात मांडीवर ठेवून थांबली. बराच वेळ काही झालं नाही. मग जिन्यावर पावलं वाजली. भाऊजी टोपी घालून आले, सवयीने गाडीला एक पूर्ण फेरी मारली, चारही चाकांना लाथ मारून पाहिली आणि शेजारचं दार उघडून बसले.

चौक येईपर्यंतच ताईच्या तोंडचं पाणी पळालं. कुत्रं दिसलं, भाऊजींचा पाय खाली. वळण आलं, पाय खाली. कुणी नुसता रस्त्याच्या कडेला उभा होता, तरी पाय खाली. दर वेळी धप्प आवाज व्हायचा, ताई दचकायची आणि खरा ब्रेक दाबायची, की मी आणि थर्मास पुढे. मागून हॉर्न वाजू लागले. तलावाच्या अलीकडे ताईने इंडिकेटर देऊन गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. मला तो जुना चौक आणि उघडं दार आठवलं. मी मनात चालत घरी जायची तयारी केली.

ताई उतरली नाही. ती त्यांच्याकडे वळली.

"अहो, मांडी घालून बसा."

"काय?"

"चपला काढा आणि मांडी घालून बसा. जेवायला बसता तसे. आणि हा डबा घ्या, शेंगा सोला. मला भूक लागलीय, माझे हात मोकळे नाहीत."

साठी उलटलेला, उभं आयुष्य गाडीत काढलेला माणूस त्या चिमुकल्या सीटवर मांडी घालून बसला. आढेवेढे घेत, कण्हत, पण बसला. उजवा गुडघा थेट गिअरला लागत होता. त्यामुळे गिअर बदलायच्या आधी ताईला दर वेळी त्यांच्या गुडघ्यावर एक चापटी मारावी लागे आणि ते गुडघा आत ओढून घेत. मांडीखाली अडकलेला पाय दोनतीनदा फुरफुरला, मग गप्प झाला. मला मात्र शेंगा मिळायच्या बंद झाल्या. सोललेला प्रत्येक दाणा पुढेच जात होता.

तलाव ओलांडल्यावर वस्ती लागली. रस्त्याच्या कडेला एक टेम्पो उभा होता, माल उतरवत असावेत. ताईने तिथे येण्याआधीच वेग कमी केला आणि गाडी जवळजवळ थांबवली. मला काहीच दिसलं नाही. भाऊजींनाही दिसलं नसणार, कारण टेम्पो त्यांच्या बाजूला, कडेला होता. पुढच्याच क्षणी टेम्पोआडून डोक्यावर खोकं घेतलेला एक हमाल सरळ रस्त्यात आला, आम्हाला न बघता पलीकडे निघून गेला.

भाऊजींच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी विचारलं की तुला कसं कळलं. ताई म्हणाली, टेम्पोच्या खालून पाय दिसले. उभ्या गाडीच्या खाली बघायचं, पाय असले तर वर माणूस असतोच. मास्तरीण पहिल्याच दिवशी हे शिकवते. तिला तिच्या मास्तरांनी शिकवलंय म्हणे.

त्यांनी ती शेंग सोलली, दोन दाणे ताईच्या हातावर ठेवले आणि डबा मागे माझ्याकडे दिला. मग पाठ सीटला टेकली. इतकी वर्षं मी त्यांच्या मागे बसलो आहे, पण त्यांची पाठ सीटला टेकलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ऊन आत आलं होतं, इंजिनचा एकसुरी आवाज येत होता. थोड्या वेळाने टोपी पुढे कलली. मी वाकून पाहिलं तर मास्तर गाढ झोपले होते, मांडी घालून, तोंड किंचित उघडं.

आणि लगेच रस्ता सुरू झाला.

मी दांड्यावरून काही पाहिलं नव्हतं ते आता पाहिलं. वर्णन करायला जात नाही, माझ्याकडून व्हायचं नाही. वर पिवळं, खाली पिवळं, मधून आमची लाल गाडी चाललेली. पानं काचेवर येऊन चिकटत होती. ताईने वायपर लावला नाही, त्याचा आवाज होतो म्हणून. मी भाऊजींना उठवायला हात पुढे केला तर तिने आरशातून मला असं बघितलं, की मी हात परत घेतला. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "झोपू दे," ती कुजबुजली. "चालत्या गाडीत कधी डोळा मिटला नाही रे या माणसाने."

ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो माणूस झोपला आणि रस्ता संपला. झाडं मागे गेली, शेतं लागली. ताईने एक मोकळी जागा बघून गाडी वळवली. वळताना खड्ड्यात चाक गेलं आणि भाऊजी जागे झाले. टोपी सरळ केली, पुढे बघितलं. समोर पुन्हा ती पिवळी कमान दिसत होती.

"आला का तुझा रस्ता?" त्यांनी विचारलं.

"आता येतोय," ताई म्हणाली.

मघाशी ऊन माझ्या खिडकीतून येत होतं, आता पलीकडून येत होतं. ज्याने अर्ध्या गावाला रस्ते शिकवले त्याच्या हे ध्यानात आलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. पहिली झाडं आली तशी त्यांनी मान पूर्ण डावीकडे वळवली, मग पूर्ण उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. गिअरसाठी ताईने गुडघ्यावर चापटी मारली तेव्हा त्यांनी तिचा हात तिथेच धरून ठेवला.

"सावकाश ने," ते म्हणाले. "मला दोन्हीकडचं बघायचंय. कडेचं दिसत नाही गं आता, मान वळवावी लागते."